शेवटच्या गाडीवरून गटाची पारख

रविवारी पहाटे पुण्याहून ताम्हिणीकडे, कल्याणहून माळशेजकडे किंवा कोल्हापूरहून आंबोलीकडे निघालात, तर दहा-पंधरा मोटारसायकलींचा एखादा ताफा वाटेत भेटतोच. जॅकेटच्या पाठीवर गटाचे चिन्ह, टाकीवर बांधलेली छोटी बॅग, चहाच्या टपरीसमोर ओळीने तिरक्या उभ्या केलेल्या गाड्या. मोटारसायकलवरून हौसेने भटकणे हा आता मराठी मध्यमवर्गाचा रुळलेला छंद झाला आहे. त्यात नव्याने येऊ पाहणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो गाडीचा. कोणती घेऊ, किती सीसीची घेऊ, ईएमआय किती बसेल? गाडी दारात आली की त्याच कंपनीच्या गाड्या असलेल्यांचा गट मिळतो, आणि त्या गटाची जी चाल असेल ती नकळत आपली चाल होते. हा क्रम मला साफ उलटा वाटतो. आपल्याला कसे चालवायला आवडते आणि कसे झेपते, हे आधी ओळखावे. त्या चालीशी जुळणारी माणसे मग शोधावीत आणि गाडी सर्वांत शेवटी ठरवावी. गट निवडताना पाहण्यासारखी गोष्टही मला एकच दिसते: त्या गटात शेवटच्या गाडीचे काय होते? पुढे कोण आहे, कोणत्या गाडीवर आहे, गटाचे नाव किती मोठे आहे, हे सगळे त्यानंतर.

क्रम उलटा झाला त्याला बाजारही कारण आहे. तीस वर्षांपूर्वी निवडीला फारसा वावच नव्हता. बुलेट होती, म्हैसूरची येझदी होती, १९८५ मध्ये आलेली यामाहाची आरएक्स १०० होती, आणि बाकीच्या बहुतेक गाड्या कामावर जाण्यासाठीच घेतल्या जात. एकच गाडी दूध आणायची, कचेरीत न्यायची आणि दिवाळीत गावीही पोचवायची. २००१ मध्ये बजाजची पल्सर आली आणि पंचविशीतल्या मुलाला परवडेल अशी, थोडी मजा देणारी गाडी मिळाली. आज शोरूममध्ये क्रूझर, स्पोर्ट्स, रोडस्टर, अ‍ॅडव्हेंचर, स्क्रॅम्बलर असे प्रकार आहेत. ऑस्ट्रियाची केटीएम आणि इंग्लंडची ट्रायम्फ यांच्या गाड्या चाकणला तयार होतात. यातल्या प्रत्येक प्रकारात चालवण्याची एक रीत आधीच गृहीत धरलेली असते. क्रूझरवर पाय पुढे आणि पाठ सरळ राहते. मोकळ्या, गुळगुळीत रस्त्यावर ते आरामाचे आहे, पण खड्डा आला की सगळा दणका कमरेच्या मणक्याला बसतो, कारण पाय पुढे असल्यामुळे फुटरेस्टवर भार देऊन अंग उचलता येत नाही. स्पोर्ट्स गाडीवर अंग पुढे झुकते. वेगात समोरचा वारा छातीला थोडा आधार देतो, शहराच्या गर्दीत मात्र तोच भार मनगटांवर येतो. अ‍ॅडव्हेंचर गाडी उभे राहून चालवता येते, खड्ड्याला दाद देत नाही, पण ती उंच आणि जड असते. क्रूझर प्रकारातल्या अ‍ॅव्हेंजरची सीट जमिनीपासून ७३७ मिलिमीटरवर आहे, तर अ‍ॅडव्हेंचर प्रकारातल्या नव्या हिमालयन ४५०ची ८२५ मिलिमीटरवर. साधी स्प्लेंडर ११२ किलोच्या आसपास, हिमालयन १९६ किलो. सव्वापाच फूट उंचीच्या माणसाला घाटात खडी पसरलेल्या उतारावर थांबावे लागते, एकच पाय जेमतेम टेकतो आणि गाडी त्याच बाजूला कलू लागते, तेव्हा या आकड्यांचा अर्थ त्याला नीट समजतो.

गाडी आणि माणूस यांची ओळख पटायला वेळ लागतो, याचा जुना आणि भक्कम पुरावा आहे. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या मोटारसायकलींच्या ९०० अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली आणि १९८१ मध्ये अहवाल दिला. मोटारसायकल-सुरक्षेच्या चर्चेत आजही त्याचा आधार घेतला जातो. अपघातात सापडलेल्या चालकांना रस्त्यावर चालवण्याचा सरासरी अनुभव जवळजवळ तीन वर्षांचा होता, पण त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांनी अपघातातली ती विशिष्ट गाडी चालवायला लागून पाच महिनेही झाले नव्हते. त्यांतले ९२ टक्के लोक स्वतःचे स्वतः किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. अमेरिकेतले चार दशकांपूर्वीचे आकडे आपल्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे खरे. पण नव्या गाडीच्या ब्रेकची, वजनाची आणि वळणाची सवय व्हायला महिने लागतात, ही गोष्ट देश बदलला म्हणून बदलत नाही. आता आपल्याकडचा नेहमीचा प्रकार पाहा. नवी, आधीच्यापेक्षा दुप्पट ताकदीची गाडी घेतली जाते आणि पुढच्याच महिन्यात माणूस अनोळखी पंधरा जणांबरोबर, अनोळखी घाटात, त्यांच्या वेगाने जातो. चालकाची कच्ची बाजू आणि गटाचा दबाव एकाच दिवशी एकत्र येतात.

म्हणून आधी चाल ओळखायची. त्यासाठी स्वतःला विचारायचे प्रश्न साधे आहेत, पण उत्तरे प्रामाणिक हवीत. आठवड्यातून अर्धा दिवस मिळतो की वर्षातून एकदा दहा दिवस? मागे कोणी बसणार आहे का? रात्री डोळ्यांवर दिवे आले की त्रास होतो का? वळणात गाडी झोकण्याचा आनंद हवा आहे, की वाटेत थांबून देऊळ, किल्ला, मिसळ असे करत जायचे आहे? महाराष्ट्रापुरते बोलायचे तर रस्तेच बरेच काही ठरवून टाकतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, समृद्धी महामार्गावर आहे, अटल सेतूवरही आहे. इथला मोटारसायकलस्वार त्यामुळे जुन्या महामार्गांवर, राज्यमार्गांवर आणि घाटांतच फिरतो. दर पाच-सात किलोमीटरला गाव, गावात गतिरोधक, उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या जोड ट्रॉल्या, पावसाळ्यात वळणावर वाहून आलेली माती. ताशी दीडशेने जाणाऱ्या गाडीचा इथे उपयोग थोडा आणि मोह फार. उलट अलिबागपासून किनाऱ्याने दक्षिणेला जाणारा रस्ता बघा. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा खाड्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात. बोट येईपर्यंत जेट्टीवर थांबायचे, गाडी बोटीत चढवून स्टँडवर लावायची, पलीकडे उतरून पुन्हा लाल मातीच्या वळणांना लागायचे. दिवसाला दीडशे किलोमीटर झाले तरी पोट भरते. हा रस्ता शंभर सीसीच्या गाडीवरही पूर्ण मिळतो. दुसऱ्या टोकाला अमेरिकेतल्या आयर्न बट असोसिएशनचे आव्हान आहे, चोवीस तासांत १,००० मैल, म्हणजे १,६०० किलोमीटरहून थोडे जास्त, आणि ते पुरे करणारे भारतीयही बरेच आहेत. दोन्ही खऱ्याखुऱ्या आवडी आहेत. फक्त एकीच्या माणसाने दुसरीच्या गटात जाऊ नये, कारण तिथे तो स्वतःही रडवेला होतो आणि इतरांचाही दिवस घालवतो.

गटात नेमके काय घडते, हे आकड्यांत मांडले की चालीचा प्रश्न इतका महत्त्वाचा का, ते ध्यानात येते. समजा, अकरा गाड्या एकामागोमाग दोन-दोन सेकंदांच्या अंतराने जात आहेत. पहिली आणि शेवटची यांच्यात वीस सेकंदांचे अंतर. गावात गतिरोधकावर सगळे ताशी २० किलोमीटरवर येतात, तेव्हा हे अंतर जेमतेम ११० मीटर असते आणि ताफा एकसंध दिसतो. गाव सुटले, पहिल्याने ८०चा वेग धरला आणि शेवटचाही यथावकाश त्याच वेगाला पोचला, तरी तेच वीस सेकंद आता साडेचारशे मीटर लांब होतात. कोणीही चुकलेले नसते, अंतर फक्त ताणले गेलेले असते. पण शेवटच्या माणसाला दिसते ते एवढेच की सगळे पुढे निघून गेले. त्यातच एखादा ट्रक मध्ये येतो, समोरून एसटी येत असते, ओव्हरटेक करायला वाट बघावी लागते आणि वीस सेकंदांचे एक मिनिट होते. ८०च्या वेगाने एक मिनिट म्हणजे सव्वा किलोमीटरहून जास्त. ते भरून काढायचे तर त्याला ताशी १०० किलोमीटरने चार मिनिटे, म्हणजे साडेसहा किलोमीटरहून अधिक, जावे लागते. चौपदरी महामार्गावरही केंद्र सरकारने दुचाकीसाठी ठरवलेली कमाल मर्यादा ८० आहे, आणि आपण बोलतो आहोत दुपदरी रस्त्याबद्दल. तेवढ्यात पुढचे गाव येते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. पुढचा म्हणतो, आपण आरामात आलो. आणि तो खरेच आरामात आलेला असतो. त्याच रस्त्यावर, त्याच वेळात, शेवटच्याने मात्र वीस किलोमीटर जास्त वेगाने, जास्त ओव्हरटेक करत, पुढच्याच्या लाल दिव्यावर नजर खिळवून प्रवास केलेला असतो. ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. कोरड्या रस्त्यावर, बऱ्यापैकी ब्रेक लावता येणाऱ्या माणसालाही, ब्रेक दाबेपर्यंतचा वेळ धरून, ८०ला साधारण ६० मीटर लागतात, तर १००ला ८५च्या पुढे. आणि शेवटी कोण असतो? बहुतेक गटांत नवखाच.

हा फक्त गणिताचा खेळ असता, तर समजावून सांगून भागले असते. पण माणूस माणसांत बदलतो. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. किशोरवयीन, विशीच्या आसपासचे आणि त्याहून मोठे अशा तीन वयोगटांतल्या सुमारे तीनशे जणांना पडद्यावर गाडी चालवण्याचा खेळ दिला होता. सिग्नल पिवळा झाल्यावर आणखी किती पुढे जायचे, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. काही जण एकटे खेळले, काही आपल्याच वयाच्या इतरांच्या सोबतीने. सोबत असताना लोकांनी जास्त धोका पत्करला, आणि वय जितके कमी तितका हा फरक मोठा होता. तिथे तर खरा रस्ताही नव्हता, फक्त कोणी तरी बघत होते. मोटारसायकलच्या गटात बघणारे दहा जण असतात, मागच्याच्या हेल्मेटवर कॅमेराही असतो. ‘मी मागे पडतोय, जरा हळू चला’ हे वाक्य उच्चारणे त्यामुळे अवघड होते. जो गट हे वाक्य बोलायची वेळच येऊ देत नाही, तोच नवख्याच्या कामाचा.

हे साधण्याच्या पद्धती ठरलेल्या आहेत आणि जगभर वापरल्या जातात. गाड्या एका रेषेत न ठेवता डावी-उजवी अशा आड-एक ठेवतात, तिरक्या समोरच्या गाडीपासून किमान एक सेकंद आणि सरळ समोरच्यापासून किमान दोन सेकंद. वळणे आली, रस्ता अरुंद झाला की एकेरी रांग. एका तुकडीत पाच ते सात गाड्या, त्याहून जास्त झाल्या की दोन तुकड्या. नवखा पुढच्या म्होरक्याच्या लगेच मागे, म्हणजे वेग त्याच्या बेताने ठरतो. सर्वांत शेवटी एक जाणता, ज्याला स्वीप किंवा टेल म्हणतात. सह्याद्रीत ट्रेकिंग करणाऱ्यांना हे नवे नाही, तिथेही शेवटचा गडी अनुभवीच ठेवतात. पण मला सर्वांत आवडते ती आणखी एक पद्धत, जी आपल्याकडे पुरेशी रुळलेली नाही. प्रत्येक फाट्यावर, जिथे वळायचे आहे तिथे, म्होरक्याच्या मागचा दुसरा चालक बाजूला सुरक्षित जागी थांबतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला हाताने दिशा दाखवतो. स्वीप येईपर्यंत तो जागा सोडत नाही. स्वीप दिसला की तो त्याच्या पुढे रांगेत शिरतो. पुढच्या फाट्यावर, आता जो दुसरा असेल त्याची पाळी. परिणाम असा की पुढची गाडी नजरेच्या टप्प्यात ठेवायची कोणालाच गरज उरत नाही. रस्ता चुकण्याची भीती गेली की पाठलाग करण्याचे कारण संपते. वेगवान माणूस पुढे मोकळा जातो, निवांत माणूस मागून फुलपाखरे बघत येतो, आणि फाट्यावर सगळ्यांचा हिशेब लागतो. एका गटात तीन चाली नांदवणारी इतकी साधी युक्ती दुसरी नाही.

गट पारखायचा तर सुटण्याआधीची दहा मिनिटे पुरतात. पेट्रोल पंपाच्या बाजूला गाड्या लागल्या आहेत. म्होरक्या सगळ्यांना गोळा करतो, हेल्मेट काढायला लावतो म्हणजे नीट ऐकू येईल, आणि सांगतो: वाट कोणती, पहिला थांबा कुठे, पेट्रोल कुठे, मोबाइलची रेंज कुठून कुठपर्यंत नाही, नवे कोण आहेत. नव्यांना पुढे बोलावून त्यांची गाडी, त्यांचा अनुभव विचारतो. टायर दाबून बघतो, साखळी सैल आहे का पाहतो. हातांच्या खुणा दाखवतो: डावा पाय बाहेर म्हणजे त्या बाजूला खड्डा, हात खाली दाबला म्हणजे वेग कमी. घरच्या एका माणसाचा नंबर आणि रक्तगट लिहून घेतो. असा गट दिसला की अर्धी काळजी मिटली. जिथे ‘चला रे, टोलनाक्यानंतर भेटू’ एवढ्यावर सगळे सुटतात, तिथे मीटरवरचा आकडा पुढे बोलतोच. हेल्मेटबाबत गट किती कडक आहे, हेही इथेच कळते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट नसताना गेलेल्यांची संख्या ५० हजारांवर आणि त्यांत मागे बसलेले १४ हजारांहून अधिक. स्वतः पूर्ण चिलखत घालून मागच्या माणसाला उघड्या डोक्याने बसवणारा चालक ज्या गटाला चालतो, त्या गटाला शेवटच्या गाडीची पर्वा असेल, यावर मी विश्वास ठेवणार नाही.

यावर पहिला आक्षेप चांगल्या चालकांकडूनच येतो. आपल्यापेक्षा तरबेज माणसामागे गेल्याशिवाय हात कसा सुधारणार? हळू गटात राहिलो तर हळूच राहू. या म्हणण्यात तथ्य आहे. वळणात शिरताना तो ब्रेक कधी सोडतो, कोणत्या रेषेने जातो, नजर कुठे ठेवतो, हे मागून बघून शिकता येते. पण त्यासाठी त्याने शिकणाऱ्याच्या बेताने चालवायला हवे, शिकणाऱ्याने त्याच्या बेताने नव्हे. खरा तरबेज माणूस आरशात बघत चालवतो. आणि वेगाची मर्यादा शोधायचीच असेल, तर त्यासाठी चेन्नईजवळ आणि कोइमतूरला ट्रॅक आहेत, तिथे शिकवणीचे वर्ग भरतात, समोरून एसटी येत नाही आणि वळणावर गुरे बसलेली नसतात. सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना शर्यत लावणे मोटार वाहन कायद्याच्या १८९व्या कलमाने गुन्हा आहे, मग तिला शर्यत म्हणा किंवा ‘फास्ट ग्रुप’ म्हणा.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. एकाच कंपनीच्या गाड्यांचे गट काय चुकीचे आहेत? त्यांच्यामुळेच तर जुन्या गाड्या जिवंत राहिल्या. येझदीचे उदाहरण घ्या. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. त्यानंतर सुटे भाग मिळेनात, जाणते मेकॅनिक म्हातारे होत गेले. तरी पुणे, मुंबई, बंगळूरुमध्ये शेकडो गाड्या धावत्या राहिल्या, त्या मालकांनी एकमेकांना क्लच प्लेट, कार्ब्युरेटर आणि मेकॅनिकचे पत्ते दिले म्हणून. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले आजही आपल्या गाड्या घेऊन जमतात. हे प्रेम खरे आहे आणि अशा गटात असणे भाग्याचेच म्हणायचे. पण तिथे जोडणारी गोष्ट गाडीची निगा आहे. दोन टोकांच्या सवयींची माणसे एकाच गाडीवर प्रेम करू शकतात, आणि म्हणून त्यांनी एकाच वेगाने लेहला जावे असे नाही. शिवाय कंपन्यांनीच उभे केलेले गटही आहेत. हार्ले-डेव्हिडसनने १९८३ मध्ये, कंपनी आर्थिक अडचणीत असताना, मालकांचा हार्ले ओनर्स ग्रुप सुरू केला आणि गाडीसोबत संगतही देऊ केली. रॉयल एन्फिल्डच्या गोव्यातल्या मेळाव्याला देशभरातून लोक येतात. मेळावा म्हणून त्यात आनंद आहेच, तिथे सगळ्यांनी यावे. रोजच्या वाटेचा सोबती मात्र गाडीच्या नावावरून ठरवू नये. दीडशे सीसीवाला आणि चारशे सीसीवाला एकत्र उत्तम जातात, जर दोघांनाही चहासाठी दर तासाला थांबायला आवडत असेल.

तिसरा आक्षेप मनातून येतो. मोटारसायकल म्हणजे मोकळेपणा, मग एवढे नियम कशाला, एकटेच जावे. एकटे जाणे ही मला मनापासून पटणारी चाल आहे, आणि ज्याला माणसांपेक्षा रस्ता आवडतो त्याने खुशाल एकटेच जावे. घरी वाट सांगून जावे, अंधार पडण्याआधी पोचावे, एवढे पुरते. मात्र एकदा गटात जायचे ठरवले, तर नियमांनीच मोकळेपणा मिळतो, कारण नियम नसले की सगळ्यांत वेगवान माणसाची मर्जी हाच नियम होतो. याचे सर्वांत कडू उदाहरण लडाखच्या वाटेवर दिसते. मनालीहून निघालेले गट पहिल्या रात्री जिस्पाला, सुमारे ३,२०० मीटरवर राहतात आणि दुसऱ्या रात्री ४,२०० मीटरच्या वर असलेल्या सरचूला. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज साधारण ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, असे डॉक्टर सांगतात. इथे एका रात्रीत ती हजाराने वाढते. कोणाचे डोके ठणकते, कोणाला उलट्या होतात. विरळ हवेचा त्रास तब्येतीने दणकट माणसालाही होऊ शकतो, तो सरावाचा किंवा हिमतीचा प्रश्न नसतो. ज्या गटाचे वेळापत्रक ताणता येते, तो एक दिवस थांबतो किंवा एकाला सोबत देऊन खाली पाठवतो. ज्याला ठरल्या दिवशी ठरल्या खिंडीत फोटो हवाच असतो, तो आजारी माणसाला गोळी देऊन पुन्हा गाडीवर बसवतो. तिथे शेवटची गाडी म्हणजे त्या दिवशी ज्याचे शरीर साथ देत नाही त्याची गाडी, आणि ती कोणाचीही असू शकते.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न वेगळ्या वळणाने येतो. मिश्र गटात बाईला सांभाळून घेण्याच्या नावाखाली मध्ये ठेवले जाते, तिच्या गाडीबद्दल तिच्याऐवजी तिच्या नवऱ्याला विचारले जाते, किंवा उलट, तिने स्वतःला सिद्ध करावे अशी मूक अपेक्षा असते. २०११ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘द बाइकर्नी’सारख्या फक्त स्त्रियांच्या संघटना वाढल्या, त्यामागे हेही कारण असावे असे मला वाटते. काही जण याला फुटून निघणे म्हणतात. मला त्यात समंजस निवड दिसते. शिकताना चुकायची मोकळीक मिळाली की हात लवकर बसतो, आणि ती मोकळीक जिथे मिळेल तिथे माणसाने जावे. हेच पन्नाशीनंतर पहिल्यांदा गाडी घेणाऱ्यांना लागू आहे, मुलांना मागे बसवून जाणाऱ्यांना लागू आहे, आणि ज्यांना फक्त सकाळी सहाला निघून दहाला घरी परतायचे आहे त्यांनाही.

जुळणारा गट गावात नसेल, लहान गावांत बहुधा नसतोच, तर तीन जणांचा आपला गट करावा. पहिल्या दोन-तीन फेऱ्या शंभर किलोमीटरच्या आतल्या, ओळखीच्या रस्त्यावरच्या ठेवाव्यात. थांबे आधी ठरवून घ्यावेत आणि प्रत्येकाने आपापल्या वेगाने तिथे पोचावे. पंक्चर काढायचे सामान, हवेचा छोटा पंप, क्लच आणि थ्रॉटलची जादा केबल, प्रथमोपचाराची पिशवी ही शेवटच्या गाडीवर असावी, पुढच्या नव्हे, कारण कोणी थांबले तर त्याच्यापर्यंत पोचणारी शेवटची गाडी तीच असते. आणि शेवटी राहण्याचे काम आळीपाळीने सगळ्यांकडे द्यावे, सर्वांत वेगवान चालकाकडे तर सर्वांत आधी. गतिरोधकानंतर ताफा कसा ताणला जातो, ट्रकमागे अडकलेला माणूस वळणावर ओव्हरटेक करावा की नाही या विचारात किती वेळा पुढे डोकावतो, हे त्याला तिथून पहिल्यांदा दिसेल, आणि पुढच्या रविवारी तो पुढे असला तर गाव सुटल्यावर साठवरच थोडा वेळ थांबेल, आरशात सगळे दिवे दिसेपर्यंत.